आकड्यांची किल्ली

श्रोतेहो, तारेचा जमाना आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. लग्नाच्या शुभेच्छा पाठवायच्या तर सबंध वाक्य लिहावे लागत नसे. तारघरात ठराविक वाक्यांची यादी असे. आपण नुसता क्रमांक सांगायचा. तेवढाच पुढे जायचा, आणि पलीकडचा तारबाबू यादी पाहून वाक्य लिहून द्यायचा. २०१३ साली ही तारसेवा बंद झाली. पण समजा, पलीकडे यादीच नसती तर? नवरदेवाच्या हाती नुसता आकडा पडला असता! संगणकाच्या इतिहासात एकदा अगदी असेच घडले.

एका संगणकाच्या पोटात अनेक संगणक नांदवण्याची विद्या तशी जुनी. आयबीएम कंपनीने १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली, ती याच कामासाठी. पुढे इस्राएलमधील क्युमरानेट कंपनीत अवी किव्हिटी यांनी केव्हीएम लिहिले, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, दाखल झाले.

यात बाहेरचा संगणक यजमान आणि आतले पाहुणे. पाहुणा आपले काम थेट प्रोसेसरवर करतो. पण काही कामे त्याच्या अखत्यारीतली नसतात. तेथे प्रोसेसर त्याला थांबवतो आणि सूत्रे केव्हीएमकडे देतो. याला एक्झिट म्हणतात. सेकंदाला अशा हजारो एक्झिट होऊ शकतात. त्या फार वाढल्या की पाहुणा मंदावतो. मग त्याचे दुखणे शोधायचे कसे? प्रत्येक एक्झिट नोंदवून!

२००९ साली केव्हीएममध्ये अशा नोंदींची नवी सोय झाली. घाईच्या वेळी शब्द लिहीत बसणे परवडत नाही, म्हणून कारणाचा फक्त आकडा टिपला जाई. नोंदीतला कोणता रकाना कुठे आहे आणि तो कसा छापावा, हे सांगणारी एक पत्रिकाही कर्नल देत असे. मग अडले कुठे? पत्रिकेत लिहिलेले, 'नाव अमुक तक्त्यात पाहा', आणि तो तक्ता कर्नलच्या पोटात! ट्रेस-सीएमडी, पर्फ ही नोंदी वाचणारी साधने बाहेरची. त्यांना तो तक्ता कुठून दिसणार? त्यात आणखी एक घोळ. काम नसल्याने पाहुणा थांबला, या एकाच कारणाला इंटेलच्या प्रोसेसरवर १२ हा आकडा, तर एएमडीच्या प्रोसेसरवर १२०.

पुढच्या काही वर्षांत कर्नल लिहिणाऱ्यांनी उपाय केला, तो साधाच होता. आकडे आणि त्यांची नावे यांची यादी पत्रिकेतच घातली, आणि प्रोसेसर कोणत्या घराण्याचा, तेही प्रत्येक एक्झिटच्या नोंदीत लिहिले. आता एका यंत्रावरची नोंद दुसऱ्या यंत्रावर नेली तरी वाचता येते. कोणत्या कारणाने किती वेळ गेला, याचा हिशेब पर्फ मांडून देतो.

गुरुजनहो, आपल्या शाळेच्या जुन्या हजेरीपटात खुणा असतात. त्या घालणारे गुरुजी निवृत्त झाले की अर्थ कोणाला विचारायचा? नोंद करणाऱ्याचे काम आकडा लिहून संपत नाही. त्याची किल्ली त्याच वहीत ठेवली, तरच ते काम पुरे झाले म्हणायचे.