‘जसा’ शब्दाचे चित्र

आमच्या यावलकडच्या लग्नांत हळदीच्या रात्री गाणे नुसते वाजत नाही, पडद्यावर दिसतेही. गाणी बहुतेक अहिराणी. खरे तर यावल, रावेर, भुसावळ हा तावडीचा पट्टा. ‘चा-ची’च्या जागी ‘ना-नी’ लावणारी अहिराणी धुळे-नंदुरबारकडची. तरी एकही शब्द कोणाला अडत नाही, कारण अर्थ लागायच्या आत वस्तू डोळ्यांसमोर येते. शब्द आणि चित्र यांची ही जोडी आमच्या भागात कशी जमत गेली, हे मी काही वर्षे पाहतो आहे.

तिची सुरुवात व्हिडिओपासून करणे मला पटत नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) निरक्षर होत्या. त्यांच्या ओव्या 1952 साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आल्या आणि 1961 साली अनंत माने यांच्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांच्या चालींवर आशा भोसले यांनी त्यांतल्या काही गायल्या. आमच्या मातीतल्या शब्दांना पडद्यावरचे चित्र मिळाले ते असे. पण दळताकांडताना कोणत्याही बाईने म्हणावे असे जे होते, ते आता कथेतल्या एका घराचे झाले. माझ्या पिढीने ही गाणी आधी आकाशवाणीवर ऐकली, म्हणून ती आम्हांला त्या घरात कोंडलेली वाटली नाहीत. हे आमचे भाग्यच म्हणायचे.

बहिणाबाई संसाराची तुलना तापल्या तव्याशी करतात. तवा दाखवता येतो. पण उपमेचा प्राण ‘जसा’ या शब्दात असतो आणि त्याचे चित्र निघत नाही. पडद्यावर तवा आला की तो केवळ तवा असतो, पाहणाऱ्याला भाकरीची आठवण होते. सुगरणीच्या खोप्याचेही तेच. खोपा सुंदर दिसेल, पण कविता पक्ष्यापाशी थांबत नाही; ती माणसाकडे वळून त्याला त्याच्या हातांची आठवण करून देते. ते वळण फक्त शब्दांना घेता येते.

1981 साली अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाल्यावर अभ्यासकांनी या नात्याचा विचार केला. अँड्र्यू गुडविन यांनी 1992 च्या पुस्तकात त्याचे तीन प्रकार सांगितले : चित्र शब्दांचेच दर्शन घडवते, त्यांत भर घालते, किंवा त्यांच्याशी फटकून वागते. वर्गवारी उपयोगी आहे, पण तिच्यात बोलीचा प्रश्न नाही. इंग्रजी गाण्याला चित्राने अर्थ सांगायची गरज नव्हती, अहिराणीला आहे.

‘हाई झुमकावाली पोर’ हे गाणे खानदेशाबाहेर, अहिराणी न समजणाऱ्यांनीही डोक्यावर घेतले. शीर्षकातच दागिना आहे, म्हणजे गाणे मुळातच दिसणाऱ्या गोष्टीचे. इथे शब्दाचे चित्र काढल्याने काही बिघडत नाही. नाचायच्या गाण्याकडून वेगळी अपेक्षा करणे हा पंडितांचा आगाऊपणा होईल. उलट एरवी ‘गावंढळ’ म्हणून हिणवली जाणारी बोली या चित्रांच्या आधाराने पुण्या-मुंबईच्या वरातींत शिरली. साहित्य संमेलनांना हे जमले नव्हते.

माझी काळजी दुसरीच आहे. चित्राच्या खांद्यावर बसून बोलीतले तेच शब्द प्रवास करतात ज्यांचे चित्र काढता येते आणि आकर्षक दिसते : झुमका, साडी, गाडी, पोर. चित्र ‘भर घालते’ तेव्हाही ती भर शब्दांत उतरत नाही. गाण्याच्या मागे केळीची बाग हलत असते, पण कमळ, घड, खोड हे तिचे शब्द गाण्यात नसतात. आवाज बंद करून पाहिले तर खानदेश दिसतो. चित्र बंद करून ऐकले तर बोलीचा एक लहानसा, चकचकीत तुकडा ऐकू येतो.

आमच्याकडे जात्याला ‘घरोट’ म्हणतात. बहिणाबाईंची त्याच्यावर कविता आहे. तिच्यात पीठ आहे, घास आहे, दळणारीचे कष्ट आहेत. शब्द आता तरुणांच्या तोंडी क्वचित येतो. लग्नाच्या व्हिडिओत घरोट अजून दिसते, पण हळद दळण्याच्या विधीपुरते, खुंट्याला फुलांची माळ बांधलेले. पाच सुवासिनी त्याला हात लावतात, फोटो होतो, आणि गाणे दुसरेच चालू असते.