सुकलेला मुळा आणि गोरसमचा स्तूप

१/
काठमांडूच्या बौद्धनाथ स्तूपासमोर एक मोनपा लामा उभा होता. असाच स्तूप आपल्या खोऱ्यात असावा, ही त्याची आस. पण त्याचा आकार गावी न्यायचा कसा? आख्यायिका सांगते की त्याने एक मुळा घेतला, त्यावर स्तूप कोरला आणि पूर्वेची वाट धरली. दीर्घ पायपिटीत मुळा सुकला, आक्रसला. गावी उभा राहिलेला स्तूप त्या आक्रसलेल्या मुळ्याबरहुकूम झाला.

२/
हा स्तूप म्हणजे अरुणाचल प्रदेशाच्या तवांग जिल्ह्यातील गोरसम छोर्तेन. तवांग शहरापासून सुमारे ९० किलोमीटरवर, झेमिथांगच्या खोऱ्यात, न्यामजांग छू नदीच्या काठी तो उभा आहे. 'छोर्तेन' म्हणजे स्तूप आणि 'छू' म्हणजे पाणी किंवा नदी. दोन्ही शब्द तिबेटी. उत्तरेला तिबेट, पश्चिमेला भूतान. मैदानातून येणाऱ्याला हे देशाचे टोक वाटते. स्तूपाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

३/
स्थानिक परंपरेनुसार लामा प्रधार यांनी तेराव्या शतकात हा स्तूप उभारला. काही जण त्याची उभारणी बरीच अलीकडची, अठराव्या शतकातील मानतात. त्याची उंची सुमारे ९३ फूट सांगितली जाते. डोंगरांनी वेढलेल्या या खोऱ्यात तो पांढराशुभ्र घुमट दुरूनच नजरेत भरतो.

४/
रचना समजून घेण्यासारखी आहे. खाली पायऱ्यापायऱ्यांचे चौथरे, त्यावर अर्धगोल अंड, अंडावर चौकोनी हर्मिका आणि हर्मिकेवर निमुळता होत जाणारा कळस. कार्ले-भाजे येथील चैत्यगृहांतले खडकात कोरलेले स्तूप ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अंड आणि हर्मिका लगेच ओळखू येतील. हिमालयात फरक पडतो तो वरच्या भागात : छत्रांच्या जागी तेरा टप्प्यांचा कळस येतो. हे टप्पे बोधिप्राप्तीच्या मार्गावरील पायऱ्या मानले जातात.

५/
हर्मिकेवर रंगवलेले डोळे ही थेट बौद्धनाथची खूण. स्तूपाभोवती फिरणारा माणूस कोणत्याही बाजूला असो, ते डोळे त्याच्यावर असतात. भोवती प्रार्थनाचक्रे आहेत. भाविक उजव्या हाताने ती फिरवत, स्तूप उजवीकडे ठेवून चालतात. या प्रदक्षिणेला तिबेटी भाषेत 'कोरा' म्हणतात.

६/
मग प्रश्न उरतो : नक्कल कशासाठी? बौद्धनाथ हे काठमांडू आणि ल्हासा यांना जोडणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवरचे महातीर्थ. तवांगच्या खोऱ्यातील म्हातारे, लेकुरवाळ्या, गरीब शेतकरी तिथवर कसे पोहोचणार? हिमालयातील बौद्ध समाजाने यावर उपाय काढला. तीर्थाची प्रतिकृती विधिपूर्वक उभारली की तीही तीर्थच. यात्रेकरूला काठमांडूला जाता येईना, तेव्हा काठमांडूचे तीर्थच त्याच्या दारी आले.

७/
मुळ्याची गोष्टही या दृष्टीने वाचावी. मूळ स्तूप आणि गोरसम यांच्या आकारात फरक आहे, हे लोकांना ठाऊक होते. तो त्यांनी झाकला नाही. त्याचे कारण सांगणारी गोष्ट रचली. दोष ना लामाचा, ना गवंड्याचा. दोष वाटेच्या लांबीचा. त्या गोष्टीत भक्ती आहे, विनोद आहे आणि अंतराची अचूक जाणीवही आहे.

८/
विशेष म्हणजे हीच गोष्ट सीमेपलीकडेही सांगितली जाते. पूर्व भूतानमधील त्राशीयांगत्से येथे कुलोंग छू नदीकाठी छोर्तेन कोरा हा स्तूप आहे. भूतानी परंपरेनुसार लामा न्गावांग लोदे यांनी तो १७४० मध्ये बांधला. तोही बौद्धनाथच्या धर्तीवर, आणि तिथेही नमुना मुळ्यावरच कोरून आणलेला!

९/
या दोन स्तूपांना जोडणारी आणखी एक कथा आहे, आणि ती काळीज हलवणारी आहे. छोर्तेन कोराच्या उभारणीच्या वेळी आजच्या अरुणाचलच्या बाजूची एक आठ वर्षांची मुलगी स्तूपाच्या गाभ्यात ध्यानस्थ बसली आणि स्तूप तिच्यावर मिटला, असे मानतात. श्रद्धाळूंच्या लेखी ती डाकिनी, म्हणजे ज्ञानदेवता होती. इतिहासकार या कथेत घटना शोधणार नाही. तिच्यामुळे काय घडत राहिले, हे पाहील.

१०/
आणि घडत राहिले ते असे : तिबेटी पंचांगाच्या पहिल्या महिन्यातील पौर्णिमेला छोर्तेन कोरा येथे 'दाक्पा कोरा' होतो. दाक्पा म्हणजे तवांगकडचे लोक. त्या मुलीच्या स्मरणार्थ ते डोंगर ओलांडून प्रदक्षिणेला येतात. महिनाअखेरीस भूतानी लोकांचा 'द्रुक्पा कोरा' असतो. गोरसमचा कोराही त्याच महिन्याच्या अखेरीस भरतो आणि भूतानचे भाविक त्याला येतात. येणेजाणे दोन्ही बाजूंनी आहे.

११/
म्हणजे हे खोरे टोक नव्हते, चौक होता. उत्तरेच्या त्सोनाकडून मीठ आणि लोकर खाली येई, दक्षिणेकडून तांदूळ आणि मिरची वर जाई. त्याच वाटांनी भिक्षू, ग्रंथ आणि मूर्ती प्रवास करीत. मुळ्याच्या कथेतला लामा अशाच वाटांनी चालणाऱ्या जगाचा माणूस.

१२/
मार्च १९१४ मध्ये या जगावर एक रेषा उमटली. ब्रिटिश हिंदुस्थानचे परराष्ट्र सचिव हेन्री मॅकमहोन आणि तिबेटचे प्रतिनिधी लोन्छेन शात्रा यांनी सीमा मान्य केली. चीनने ती कधीच स्वीकारली नाही. रेषा नकाशावर आली, पण खोऱ्यातील व्यवहार दीर्घकाळ पूर्वीसारखाच चालू राहिला. भारतीय प्रशासन तवांगला पोहोचले ते फेब्रुवारी १९५१ मध्ये, मेजर बॉब खाथिंग यांच्या तुकडीबरोबर.

१३/
३१ मार्च १९५९. ल्हासा सोडल्यानंतर दोन आठवड्यांनी चौदाव्या दलाई लामांनी या खोऱ्याच्या माथ्यावरील खेनझिमाने येथे भारतात पाऊल ठेवले. न्यामजांग छूच्या काठाने ते पुढे लुमला आणि ५ एप्रिलला तवांगला पोहोचले. ज्या वाटेने शतकानुशतके यात्रेकरू ये-जा करीत, त्याच वाटेने तिबेटचा धर्मगुरू निर्वासित होऊन आला.

१४/
तीन वर्षांनी त्याच वाटेने युद्ध आले. गोरसमच्या उत्तरेला नामका छू हा ओढा न्यामजांग छूला मिळतो. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे तिथे ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या सातव्या ब्रिगेडवर चिनी सैन्य तुटून पडले. अपुरी शस्त्रे, अपुरे गरम कपडे, ओढ्याकाठची अडचणीची जागा; ब्रिगेड उद्ध्वस्त झाली. झेमिथांगमधील चौथ्या डिव्हिजनचे पुढचे मुख्यालय सोडावे लागले. याच युद्धातील पराभवामुळे कृष्ण मेनन पायउतार झाले आणि नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले.

१५/
युद्धानंतर उत्तरेची वाट मिटली. मीठ थांबले, त्सोनाचा बाजार परका झाला. चौकाची एक बाजू बंद होताच तो नकाशावर 'दुर्गम' ठरला. दुर्गमता ही नेहमीच निसर्गाची देणगी नसते. कित्येकदा ती राजकारणाने घडवलेली असते. पश्चिमेची, भूतानची वाट मात्र उघडी राहिली, आणि तिच्यावरून प्रदक्षिणेची माणसे येत राहिली.

१६/
खोऱ्याची कसोटी तिथे संपली नाही. न्यामजांग छूवर ७८० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प प्रस्तावित झाला. ज्या पट्ट्यात मोनपा लोकांना पवित्र असलेले काळ्या मानेचे क्रौंच हिवाळ्यात उतरतात, तोच पट्टा बाधित होणार होता. स्थानिक रहिवासी आणि भिक्षू यांच्या संघटनेने दाद मागितली. एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली. क्रौंचांच्या अधिवासाचा पुरेसा अभ्यास झाला नव्हता, हे त्यामागचे प्रमुख कारण.

१७/
एप्रिल २०२३ मध्ये गोरसमच्या परिसरात मोठी बौद्ध परिषद भरली. हिमालयाच्या अनेक प्रांतांतून भिक्षू आणि अभ्यासक आले. सीमेलगतच्या या जागेचे राजकीय महत्त्व उघड आहे. तरी स्तूपाचे मोल त्याहून जुने. राज्ये या खोऱ्याला कडा समजून वागली; गोरसमला येणाऱ्यांनी त्याला मध्य मानले.

१८/
दरवर्षी पहिल्या महिन्याच्या अखेरीस भूतानकडून माणसे डोंगर उतरून येतात. म्हाताऱ्या बायका हातातली जपमाळ न थांबवता चालतात, नातवंडे प्रार्थनाचक्रांपर्यंत हात पोहोचावा म्हणून टाचा उंचावतात. वर ते रंगवलेले डोळे. मुळा वाटेत आक्रसला होता, हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. प्रदक्षिणा त्यामुळे अडत नाही.