एक सर्व्हर वाढवला, तर किती पाने हलतात?

गर्दी वाढली की सर्व्हर वाढवावेत, हे ऐकावयास सोपे. परंतु वेबच्या आरंभकाळात ही भर घालण्याची क्रियाच कित्येकदा संकटाचे निमित्त ठरे.

कारण शाळेतल्या भागाकारात आहे. पानांच्या प्रती अनेक सर्व्हरांवर वाटताना पानाच्या क्रमांकास सर्व्हरांच्या संख्येने भागावे आणि उरलेल्या बाकीनुसार सर्व्हर निवडावा, अशी रूढ पद्धत होती. १० सर्व्हर असता ५७ क्रमांकाच्या पानाची बाकी ७. अकरावा येताच तीच बाकी २. अशा रीतीने दर ११ पानांपैकी सुमारे १० पानांचा पत्ता एका क्षणात बदले. नव्या पत्त्यावर प्रत नसे, आणि सारी मागणी मूळ सर्व्हरवर कोसळे. तीही ऐन गर्दीत, कारण सर्व्हर वाढवले जात ते गर्दीतच!

१९९५ मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी एमआयटीत या कोंडीचा प्रश्न मांडला. गणितज्ञ टॉम लेटन यांच्या गटाने १९९७ मध्ये ‘कन्सिस्टंट हॅशिंग’ प्रसिद्ध केले. निबंधाच्या सहा लेखकांत डेव्हिड कार्गर, रिना पाणिग्रही आणि विद्यार्थी डॅनियल लेविन होते.

कल्पना विलक्षण साधी होती. पाने आणि सर्व्हर दोन्ही एकाच वर्तुळावर मांडायचे. पानापासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाताना जो सर्व्हर प्रथम भेटेल, त्याचे ते पान. नवा सर्व्हर केवळ पुढच्या शेजाऱ्याच्या वाट्यातला तुकडा घेतो. बाकीचे जागचे हलत नाहीत. एकाच शेजाऱ्याचा भार हलका होऊ नये म्हणून प्रत्येक सर्व्हर वर्तुळावर अनेक ठिकाणी मांडतात. आता ११ पैकी सरासरी एकच पान हलते.

लेटन आणि लेविन यांनी १९९८ मध्ये अकामाई कंपनी स्थापिली. ११ सप्टेंबर २००१ रोजी बातम्यांच्या संकेतस्थळांवर अभूतपूर्व गर्दी लोटली, तेव्हा तिचा मोठा भार अकामाईच्या जाळ्याने पेलला. ३१ वर्षांचा लेविन मात्र वर्ल्ड ट्रेड सेंटरवर आदळलेल्या पहिल्या विमानात होता.

पुढे गूगलच्या ‘मॅग्लेव्ह’ या लोड बॅलन्सरनेही याच कुळातली रीत स्वीकारली. तिथे जपायची असते ती चालू जोडणी. म्हणून मॅग्लेव्ह, कोणती जोडणी कोणत्या सर्व्हरकडे गेली, याची नोंदही ठेवतो. नवा सर्व्हर आला तरी जुनी जोडणी आपल्याच सर्व्हरकडे राहते.