फॅक्टरीत काय बनत होते?

वेंगुर्ल्याची पडकी डच वखार पाहायला आम्ही एका शाळेच्या मुलांबरोबर गेलो होतो. इंग्रजी पुस्तकांत हिला ‘डच फॅक्टरी’ म्हणतात, असे सांगताच सातवीतल्या एका मुलाने विचारले, ‘‘मग इथे काय बनवायचे? काजू?’’ सगळे हसले. पण प्रश्न रास्तच होता. वेंगुर्ल्याच्या मुलाने पाहिलेली फॅक्टरी काजूचीच असणार!

खरे उत्तर असे, की या फॅक्टरीत काहीच बनत नव्हते. ‘फाकेरे’ म्हणजे करणे, या लॅटिन क्रियापदावरून ‘फॅक्टर’ म्हणजे करणारा हा शब्द आला. केली गेलेली गोष्ट ती ‘फॅक्ट’. गुणाकार घडवणारी संख्या हाही फॅक्टर, म्हणजे आपला ‘अवयव’. १९०९ साली ‘जीन’ हा शब्द आला, त्याआधी आनुवंशिक गुण घडवणाऱ्या घटकालाही फॅक्टरच म्हणत.

व्यापारातला फॅक्टर म्हणजे धन्याच्या वतीने परमुलखात देवघेव करणारा गुमास्ता. हे गुमास्ते जेथे राहत, माल साठवीत, ती फॅक्टरी. इंग्रजांची सुरतेची १६१३ ची आणि डचांची वेंगुर्ल्याची १६३७ ची फॅक्टरी याच अर्थाची. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना वेंगुर्ल्यातून शिधापाणी मिळे.

मग या शब्दाला यंत्रे कधी चिकटली? हाताने माल बनवण्याच्या जागेला इंग्रजीत ‘मॅन्युफॅक्टरी’ म्हणत. ‘मॅन्यु’ म्हणजे हात. १७७१ मध्ये आर्कराइटने इंग्लंडात क्रॉमफर्ड येथे पाण्याच्या जोरावर चालणारी सूतगिरणी काढली. पुढे अशा गिरण्या वाढल्या आणि ‘फॅक्टरी’ हे नाव त्यांचे झाले. भारतातल्या १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात यंत्रशक्तीवर चालणारी, १०० किंवा अधिक माणसांची जागा असाच अर्थ आहे. शब्दाबरोबर व्यापाराची दिशाही उलटली होती. पहिल्या फॅक्टऱ्या आपल्या विणकरांचे कापड विकत घेत. दुसऱ्या प्रकारच्या फॅक्टऱ्यांचे कापड आपल्याकडे विकायला येऊ लागले.

आपल्या ‘कारखाना’ शब्दाचेही असेच झाले. कार म्हणजे काम, खाना म्हणजे जागा. शिवकाळातल्या ‘अठरा कारखान्यां’त हत्तींचा पीलखानाही येई! मालवणसमोरच्या सिंधुदुर्गासारख्या किल्ल्यावरचा कारखानीस काही बनवीत नसे. तो धान्याची आणि साठ्याची व्यवस्था पाही. आणि ‘वखार’ आता बहुधा लाकडांचीच उरली आहे.

हा निव्वळ शब्दांचा खेळ नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त बजावले, की टोपीकरांना वखारीसाठी समुद्रकाठी जागा देऊ नये. वखार म्हणजे माल बनवण्याची जागा असे समजणाऱ्या मुलाला या इशाऱ्याचे मर्म कळणार नाही. मालाच्या कोठारामागे जहाजे असतात आणि जहाजांवर तोफा, हे अमात्यांना ठाऊक होते.

म्हणून इतिहासाच्या तासाला ‘फॅक्टरी’ आली, की आधी साल पाहावे. सतराव्या शतकातली असेल तर फळ्यावर ‘वखार’ लिहावे. आणि वर्गात कोणी कारखानीस आडनावाचा विद्यार्थी असेल, तर धड्याची सुरुवात त्याच्यापासूनच करावी.