पहिला नंबर आला म्हणजे प्रतिनिधी झाला का? वऱ्हाडातल्या 'सीआर'चा इतिहास

पेट पास झालेले किंवा पेटच्या तयारीत असलेले बरेच जण विचारतात, "विषय कसा शोधायचा?" मी त्यांना सांगते की विषय बहुतेक वेळा आपल्या नोटीस बोर्डावरच लागलेला असतो, फक्त आपण तो नोटीस म्हणून वाचतो आणि पुढे जातो. आज अशाच एका नोटिशीबद्दल लिहितेय. 'खालील विद्यार्थ्यांची वर्ग प्रतिनिधी म्हणून निवड करण्यात आली आहे.' अमरावती विद्यापीठाच्या कुठल्याही कॉलेजात तुम्ही १९९४ नंतर शिकला असाल, तर ही यादी तुम्ही पाहिली असणार. आता त्यातलं 'निवड करण्यात आली आहे' हे क्रियापद नीट बघा. निवड कोणी केली? वर्गाने तर नाही केली.

थोडं मागे जाऊ. १९२३ साली नागपूर विद्यापीठ सुरू झालं, त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज आलं (आजची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था). पुढची साठ वर्षं वऱ्हाडातल्या कॉलेजांचं विद्यापीठ नागपूरच होतं. अकोल्याहून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, बुलढाण्याहून त्याहून बरंच जास्त. मार्कशीटमधली चूक दुरुस्त करायची असो की फेरतपासणीची चौकशी करायची असो, गाडी नागपूरचीच. अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं १ मे १९८३ रोजी. प्रतिनिधित्वाचा इतिहास लिहिताना लोक कायद्यापासून सुरुवात करतात. माझं मत असं की वऱ्हाडात ती अंतरापासून करायला हवी. ज्या कार्यालयात तुमचा निकाल अडकलाय ते एका दिवसात जाऊन येण्याजोगं नसेल, तर तुमच्या वतीने तिथे बोलणाऱ्या माणसाचं महत्त्व आपोआप वाढतं.

आणि हे बोलणं नेहमी पदावर बसूनच झालंय असं नाही. १९६७ मध्ये विदर्भाला कृषी विद्यापीठ हवं म्हणून अकोल्यात आंदोलन पेटलं, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं गेली. राज्याचं कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये झालं आणि अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ मिळालं ते २० ऑक्टोबर १९६९ रोजी. रस्त्यावर उतरलेल्या पोट्ट्यांना कोणी मतदान करून पाठवलं नव्हतं. तरी ते कोणाचे तरी प्रतिनिधी होते. म्हणजे 'निवडून आलेला तोच प्रतिनिधी' एवढी सोपी व्याख्या घेऊन तुम्ही या विषयात शिरलात तर १९६७ तुमच्या हातातून निसटतं.

साठच्या दशकाच्या शेवटी देशभरात विद्यार्थी अस्वस्थ होते आणि सरकारी अहवालांनाही त्याची दखल घ्यावी लागली. कोठारी आयोगाने (१९६४ ते ६६) शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या संयुक्त समित्या सुचवल्या. पुढे विद्यापीठांच्या कारभारावर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर, त्यांनीही विद्यार्थ्यांना कारभारात सहभाग असावा असंच म्हटलं. कॉलेजात जीएस, यूआर, सीआर ही अक्षरं रुळली ती याच काळात. तुमच्या घरातल्या सत्तर ऐंशीच्या दशकात शिकलेल्या काका-मामांना विचारा. पॅनल, प्रचारफेऱ्या, मत देण्यासाठी मिळालेला चहा, हे सगळं ते रंगवून सांगतील. रंगवून सांगतील, हे लक्षात ठेवा. मौखिक इतिहासात आठवण हा पुरावा असतो, पण आधी तो आठवणीचा पुरावा असतो आणि नंतर घटनेचा.

मग हे थांबलं का? कारण खरं होतं, उगाच नाकारू नका. १९८९ मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. राज्यात इतर ठिकाणीही हाणामाऱ्या, यूआरची पळवापळवी अशा बातम्या होत्याच. पालक घाबरले, प्राचार्य तर आधीच वैतागलेले होते. थेट निवडणुका बंद झाल्या आणि महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४ ने त्या बंदीला पक्कं रूप दिलं.

या कायद्याचं कलम ४० संशोधकाने एकदा तरी सावकाश वाचावं. कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष कोण? प्राचार्य. प्रत्येक वर्गातून एक विद्यार्थी येणार, पण तो आदल्या वर्षीच्या परीक्षेतल्या गुणवत्तेवरून, आणि त्याला नेमणार प्राचार्य. खेळ, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक कार्यक्रम यांतून एकेक जण आणि दोन विद्यार्थिनी, ही नेमणूकही प्राचार्यांकडेच. मतदान उरलं ते एकाच ठिकाणी, या नेमलेल्या मंडळींनी आपल्यातून सचिव निवडायचा तेव्हा. वर्गातल्या शंभर जणांना आयुष्यात एकदाही हात वर करावा लागला नाही.

इथे थोडं सिद्धांताकडे वळते, कंटाळू नका. हॅना पिटकिन या राज्यशास्त्रज्ञ बाईंचं १९६७ चं प्रतिनिधित्वावरचं पुस्तक सिनॉप्सिस लिहिण्याआधी वाचावं असं आहे. त्या एका शब्दाचे अनेक अर्थ सुटे करतात. प्रतिनिधीला अधिकार कोणी दिला, हा एक प्रश्न. त्याला जाब कोण विचारू शकतं, हा दुसरा. तो आपल्यासारखा आहे का, हा तिसरा. आणि तो आपल्या हिताचं काम करतो का, हा चौथा. आता १९९४ चा सीआर या चार प्रश्नांसमोर उभा करा. अधिकार दिला प्राचार्यांनी. जाबही तेच विचारणार. आपल्यासारखा आहे का, तर वर्गात पहिला आलेला म्हणजे व्याख्येनेच वर्गातल्या बाकी सगळ्यांपेक्षा वेगळा. राहिलं काम. ते त्याने केलंही असेल, अनेकांनी मनापासून केलं. पण ते त्याच्या चांगुलपणावर सोडलेलं होतं.

पिटकिन परकी वाटत असतील तर बाबासाहेबांकडे या. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी मांडलेला मुद्दा असा होता की नुसत्या मतांचं प्रतिनिधित्व पुरेसं नाही, माणसांचंही व्हायला हवं. तुमचं मत दुसरा कोणीतरी मांडेल, यावर बहिष्कृत समाजाने का भागवून घ्यावं? हाच प्रश्न धारणीहून अमरावतीला शिकायला आलेल्या कोरकू मुलीच्या जागेवरून विचारून बघा. वसतिगृहाची यादी उशिरा लागते, शिष्यवृत्ती पुढच्या वर्षावर जाते, कॉलेजची भाषा मराठी-इंग्रजी आणि घरची तिसरीच. वर्गातला टॉपर चांगला मुलगा आहे हो, पण तिच्या अडचणी त्याला सांगाव्या लागतात. त्याला त्या स्वतःला माहीत असण्याचं काही कारण नाही.

एक गोष्ट मात्र १९९४ च्या बाजूने नोंदवायलाच हवी. दोन विद्यार्थिनींची जागा त्यात पक्की होती. निवडणुकांच्या जमान्याबद्दल हळहळणारे याबद्दल क्वचित बोलतात. तुमच्या कॉलेजच्या जुन्या वार्षिकांकांमध्ये विद्यार्थी परिषदेचा फोटो असतोच, खुर्च्यांवर प्राध्यापक, मागे उभे विद्यार्थी. वेगवेगळ्या वर्षांचे फोटो शेजारी ठेवा आणि मुली मोजा. उत्तर काय येईल ते मी इथे सांगत नाही, कारण ते कॉलेजागणिक बदलेल आणि तेच तुमचं काम आहे.

आता राष्ट्रीय पातळीवर काय झालं ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल मे २००६ चा. त्याच ऑगस्टमध्ये उज्जैनच्या माधव कॉलेजात निवडणुकीच्या वादात एका प्राध्यापकांचा मृत्यू झाला, आणि सप्टेंबर २००६ मध्ये न्यायालयाने समितीच्या शिफारशी लागू केल्या. लिंगडोह म्हटलं की लोकांना उमेदवारामागे पाच हजार रुपयांची खर्चमर्यादा आणि छापील पोस्टरवरची बंदी आठवते. पण त्याच अहवालात एक वेगळी ओळ आहे, जी आपल्या महाराष्ट्रासाठी जास्त महत्त्वाची. समितीने म्हटलं की नेमणुकीच्या पद्धतीत दोष आहेत, ती फक्त तात्पुरती सोय म्हणून ठेवावी आणि पाच वर्षांत संस्थांनी निवडणुकीकडे वळावं. म्हणजे साधारण २०११ पर्यंत. आपल्याकडे नवा कायदा झाला तो महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६, लागू झाला मार्च २०१७ मध्ये.

त्याचं कलम ९९ हे कलम ४० शेजारी ठेवून वाचा, चक्क दोन रकाने आखून. वर्ग प्रतिनिधी आता वर्गाने मत देऊन निवडायचा. कॉलेजचा अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी, हेही विद्यार्थ्यांच्या थेट मतदानाने. अध्यक्षपदाच्या खुर्चीवर प्राचार्यांऐवजी विद्यार्थी. कागदावर हा मोठाच बदल आहे. प्रत्यक्षात २०१९ मध्ये निवडणुका होणार म्हणून तयारी सुरू झाली, कॉलेजांमध्ये संघटनांची लगबग दिसू लागली, तेवढ्यात विधानसभेची निवडणूक आली आणि विद्यार्थ्यांची मागे पडली. पाठोपाठ २०२० मध्ये कोविड आला. कायद्यात बदल झाला म्हणजे वर्गात बदल झाला, असं जे शोधनिबंध धरून चालतात त्यांना माझी पहिली हरकत इथेच असते. कायद्याचं वर्ष ही तुमच्या प्रकरणाची सुरुवात असू शकते, निष्कर्ष नाही.

आणि समजा निवडणूक झाली, तरी लिंगडोहच्या अटी आहेतच. उमेदवाराची हजेरी किमान ७५ टक्के हवी, त्या वर्षी कुठलाही विषय मागे राहिलेला नको. वाचायला हे रास्त वाटतं. पण विचार करा, विद्यापीठाशी सगळ्यात जास्त भांडण कोणाचं असतं? ज्याचा पेपर तपासण्यात घोळ झाला आणि म्हणून एटीकेटी लागली त्याचं. जो सकाळी एमआयडीसीत पाळी करून किंवा सोयाबीनच्या हंगामात शेतात राबून कॉलेजला येतो आणि म्हणून हजेरीत कमी पडतो त्याचं. नेमका तोच उमेदवारीच्या बाहेर. १९९४ ने 'पहिला आलेला' निवडला, २००६ ने 'मागे राहिलेला' वगळला. दोन्हींमधला तर्क फारसा लांब नाही. अगदी अलीकडे, यूजीसीच्या २०२३ च्या तक्रार निवारण नियमांमध्ये समितीवर विद्यार्थी आहे, पण विशेष निमंत्रित म्हणून आणि पुन्हा गुणवत्ता, खेळ वा इतर उपक्रमांतल्या कामगिरीवरून नेमलेला. तक्रारीच्या समितीत बसायला तक्रार असणं ही पात्रता नाही, हे मला तरी विचित्र वाटतं. तुम्हाला नसेल वाटत तर त्याची बाजू मांडणारा निबंध लिहा, वाचायला आवडेल.

जाता जाता एक लांबचं उदाहरण. मध्ययुगातल्या बोलोन्यात विद्यापीठ म्हणजे मुळात विद्यार्थ्यांची संघटना होती. विद्यार्थी आपल्यातून रेक्टर निवडायचे आणि प्राध्यापक वेळेवर शिकवतात का यावर लक्ष ठेवायचे. तिथल्या बऱ्याच विद्यार्थ्यांकडे पैसा होता आणि प्राध्यापकांची मिळकत त्यांच्या फीवर चालायची, म्हणून हे जमलं. भारावून जाऊन संदर्भात टाकण्याआधी हा फरक लिहा. आपल्याकडे फीपेक्षा अनुदान आणि शिष्यवृत्तीचा प्रश्न मोठा, त्यामुळे विद्यार्थ्याचा दबाव नेमका कुठे लागू पडतो हे वेगळं शोधावं लागेल.

कुठे शोधायचं? कायद्यांच्या मूळ प्रती, दुरुस्त्यांसकट. अधिसभेची इतिवृत्तं, ती ग्रंथालयात नाही मिळाली तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. कॉलेजांचे वार्षिकांक, विशेषतः विद्यार्थी सचिवाचं मनोगत, ज्यात आभारच जास्त असतात, पण आभार कोणाचे मानलेत यावरून सत्ता कुठे होती ते कळतं. अकोल्याचे 'मातृभूमी' आणि 'देशोन्नती' यांचे जुने अंक जून ते सप्टेंबर या महिन्यांत चाळा, कारण प्रवेश आणि निवडणुका तेव्हाच. आणि माणसं. फक्त माजी जीएसच्या मुलाखती घेऊन थांबू नका. ते सापडायला सोपे असतात, पुढे त्यांतले काही पुढारी झालेले असतात आणि त्यांना बोलायला आवडतं. निवडणुकीत पडलेल्यांना शोधा. ज्यांनी मतदानच केलं नाही त्यांना शोधा. १९९५ ते २०१५ च्या दरम्यान पहिला नंबर आला म्हणून नोटिशीत ज्यांचं नाव लागलं, त्यांना विचारा: तुम्ही सीआर आहात हे तुमच्या वर्गाला माहीत होतं का? आणि वर्षभरात त्यातल्या किती जणांनी, काय काम घेऊन, तुमच्याकडे यायचं ठरवलं?