‘फोर्क’ म्हणजे काय?
मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पातील मतभेद विकोपाला गेल्यास असंतुष्ट गटाला संपूर्ण आज्ञावलीची प्रत घेऊन वेगळी चूल मांडता येते. यालाच ‘फोर्क’ म्हणतात. भाऊबंदकीत शेताचे तुकडे होतात. येथे दोघांनाही अख्खे शेत मिळते, कारण परवान्यातच तशी मुभा असते. नाव मात्र मूळ मालकाकडे राहते आणि राबणारे हात विभागले जातात.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी विकत घेतली. तिच्याकडील ‘ओपनऑफिस’च्या भवितव्याविषयी स्वयंसेवक साशंक झाले. २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यांच्यातील एका गटाने ‘डॉक्युमेंट फाउंडेशन’ची घोषणा करून ‘लिबरऑफिस’ सुरू केले. पुढे २०११ मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाचे फाउंडेशनकडे सोपवले. तरी दुफळी मिटली नाही. लिबरऑफिस आज मराठीतही उपलब्ध आहे.