कोयनेलची पुडी

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले, की कोकणात तुळशीपुढे कारीट अंगठ्याखाली चिरडून त्याचा रस जिभेला लावायची रीत आहे. वर्षातल्या सगळ्यांत गोड दिवसाची सुरुवात अशी कडू करून घ्यायची आणि मग पोह्यांच्या पानावर बसायचे! दिवाळी अंकाच्या वाचकालाही चकली-कडबोळ्यांच्या सोबतीने एखादा कडू घोट चालत असावा, अशा भरवशावर मी आज कोयनेलची हकीकत सांगायला बसलो आहे.

कोयनेल हा शब्द आताच्या मुलांच्या कानावरून गेलेला नसेल. इंग्रजी क्विनीनचे आपल्या आज्यापणज्यांनी केलेले हे बारसे. पांढरीशुभ्र भुकटी, दिसायला पिठीसाखरेची बहीण आणि चवीला कारिटाची आजी. केळ्यात घाला, गुळाच्या खड्यात दडवा, मुलाच्या जिभेला ती फसवणूक क्षणात कळत असे. माझे आजोळ कोयनेच्या खोऱ्यातले. तिथल्या कित्येक म्हाताऱ्या माणसांची तर अशी ठाम समजूत होती, की औषधाला हे नाव आपल्या नदीवरूनच पडले. ते गाव आता धरणाच्या शिवसागरात बुडाले आहे. त्यामुळे हा वाद मिटवायलाही कोणी उरलेले नाही.

हे औषध हिवतापाचे. हिवताप म्हणजे काय, हे ज्यांनी भोगले त्यांनाच ठाऊक. आधी हुडहुडी; चार घोंगड्या घाला, वर दोन माणसे बसवा, दातावर दात आपटायचे थांबत नाहीत. मग अंगाची भट्टी. मग घाम, आणि माणूस असा मोकळा होतो, की काही झालेच नव्हते असे वाटावे. एक दिवस जातो आणि तिसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पाहुणा पुन्हा दारात. पण त्याची खरी दुष्टाई त्याच्या हंगामात होती. पाऊस ओसरला, डबकी राहिली, की भाद्रपद-आश्विनात तो येई. म्हणजे नेमका भात कापणीला आल्यावर. घरातली दोन धडधाकट माणसे आठ-पंधरा दिवस अंथरुणाला खिळली, की उभे पीक शेतात गळून जाई. गरिबाच्या घरी हिवताप हा नुसता रोग नव्हता. ते एक कर्ज होते.

या कर्जावरचा उतारा सातासमुद्रापलीकडून आला. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात सिंकोना नावाचे झाड होते. त्याची साल तापावर चालते, हे युरोपला सतराव्या शतकात कळले. १८२० साली पेल्तिए आणि काव्हांतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी पॅरिसमध्ये त्या सालीतून क्विनीन वेगळे काढले. पुढे इंग्रजांना हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेची काळजी लागली आणि १८६०च्या सुमारास क्लेमंट्स मार्कहॅमच्या मोहिमेतून सिंकोनाची रोपे निलगिरीवर आली. मागोमाग दार्जिलिंगजवळ मंगपूला मळे उभे राहिले. आपल्या महाबळेश्वरीही लिंगमळ्याला त्याच दशकात हा प्रयोग झाला होता. आज धबधबा पाहायला जाणाऱ्यांना त्याची कल्पनाही नसते. तिथे ती झाडे काही तगली नाहीत.

खरी लॉटरी लागली डचांना. चार्ल्स लेजर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने बोलिव्हियातून उत्तम जातीचे बी मिळवले. ते मिळवून देणारा त्याचा स्थानिक नोकर मानुएल मामानी याला पुढे या ‘गुन्ह्या’साठी कैद आणि मारहाण सोसावी लागली आणि त्यातच त्याचा अंत झाला. इंग्रज सरकारने ते बी घ्यायचे नाकारले. डच सरकारने १८६५ साली त्यातले शेरभर बी अगदी किरकोळ किमतीत घेतले आणि जावात पेरले. त्या बियांतून निघालेल्या झाडांच्या सालीत इतके क्विनीन निघाले, की विसाव्या शतकात जगाच्या दहा भागांपैकी नऊ भाग क्विनीन एकट्या जावाचे होऊन बसले. १९१३ पासून मळेवाले आणि कारखानदार यांनी आपसांत करार करून भाव बांधून टाकला; त्याची सूत्रे आम्स्टरडॅमच्या किना ब्यूरोच्या हाती. म्हणजे कोयनाकाठच्या पोराच्या गुळात किती कोयनेल पडायचे, ते आम्स्टरडॅमच्या एका कचेरीत ठरू लागले.

तरीही एक गोष्ट इंग्रजी अमलाच्या जमेला मांडली पाहिजे. १८९२ साली बंगालमध्ये सरकारने क्विनीनच्या एकेका खुराकाच्या पुड्या बांधून त्या डाकघरांतून एका पैशाला विकायला सुरुवात केली. कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचे अधिकारी जॉर्ज किंग यांची ही कल्पना. पुढे ती इतर प्रांतांतही गेली. रुपयाचे चौसष्ट पैसे होते तेव्हाची ही गोष्ट. डॉक्टर दहा-दहा कोसांवर नव्हता. पण डाकघर होते, आणि डाकघर नव्हते तिथे टपालवाला होता. मनिऑर्डर, कार्ड आणि कोयनेल हे तिन्ही खाकी पिशवीतून येणारे. मला तर सरकारी शहाणपणाचा इतका साधा आणि इतका चोख नमुना दुसरा आठवत नाही.

फौजेत मात्र पुडी विकत घ्यावी लागत नसे; ती बळेच घ्यावी लागे. पहिल्या महायुद्धात संध्याकाळी रांगेत उभे करून, साहेबाच्या डोळ्यांदेखत क्विनीन गिळायला लावायचे, याला ‘क्विनीन परेड’ असे नावच होते. आणि फौजेचे उपकार तरी कसे विसरावेत? हिवताप डासामुळे पसरतो याचा मुख्य पुरावा १८९७च्या २० ऑगस्टला सिकंदराबादेस मिळाला, तोही रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरलाच. हुसेनखान नावाच्या रोग्याला तो अंगावर डास चावून घेण्याबद्दल दर डासामागे एक आणा देत असे. पण फौज ती फौज! इतका मोठा शोध हाती येतो न येतो तोच महिन्याभरात रॉसची बदली राजपुतान्यातल्या खेरवाड्याला झाली. तिथे त्याला तपासायला पुरेसा हिवतापही मिळेना. रोग्यांच्या शोधात रडकुंडीला आलेला डॉक्टर इतिहासात बहुधा हा एकच असावा.

१९२९ नंतर जगावर मंदी आली. आपल्याकडे शेतमालाचे भाव निम्म्यावर आले. सारा मात्र तोच, सावकाराचे व्याज तेच. या दिवसांत माझी आजी एका पुडीचे दोन भाग करी, असे आई सांगायची. एक भाग कर्त्या माणसाला, दुसरा मुलांत वाटून. अर्ध्या खुराकाने ताप दबतो, जात नाही. हे तिला कळत नव्हते असे नाही. पण पैसा कुठून आणायचा? उरलेली जागा काढ्याने भरायची: काडेचिराईत, गुळवेल, सातविणीची साल. मुलांच्या खेळातले सागरगोटेही फोडून मिरीबरोबर वाटले जात. या वनस्पतींची कोणी टिंगल करू नये. तापलेल्या माणसाला त्यांनी थोडाफार आराम दिलाच असेल. पण रक्तातला हिवताप मारण्याची कोयनेलची ताकद त्यांच्यात नव्हती, हेही तितकेच खरे. देशात त्या वेळी जेवढे क्विनीन खपे, त्याचा साधारण तिसरा हिस्सा मंगपू आणि निलगिरीत तयार होई. बाकी जावाचे. आणि जे खपे ते गरजेच्या मानाने दर्यामें खसखस.

मग ८ मार्च १९४२ उजाडला. त्या एकाच दिवशी जपानी फौजा रंगूनमध्ये शिरल्या आणि जावात डचांनी शरणागती पत्करली. युद्धाच्या इतिहासात या दोन बातम्या वेगवेगळ्या प्रकरणांत छापतात. माझ्या मते आपल्या घरांच्या इतिहासात त्या एकाच ओळीत छापायला हव्यात. रंगून गेले आणि दरसाल येणारा दहा लाख टनांहून अधिक ब्रह्मी तांदूळ बंद झाला. जावा गेले आणि कोयनेल बंद झाले. ताटातला भात आणि तापावरची पुडी एकाच दिवशी गेली.

पुढची टंचाई ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशन आले. रॉकेलसाठी, धान्यासाठी, कापडासाठी रांगा लागल्या आणि ‘काळा बाजार’ हा शब्द घरोघरी गेला. क्विनीनच्या शिल्लक साठ्यावर पहिला हक्क लष्कराचा बसला. टपालवाल्याची पिशवी हलकी झाली. आजी विचारी, “पुडी?” तो नुसती मान हलवी.

माझे थोरले मामा त्याच सुमारास मराठा पलटणीत होते. त्यांची रवानगी ब्रह्मदेशच्या आघाडीवर झाली. कराडहून लहान रुळांच्या गाडीने पुणे, तिथून कलकत्ता, पुढे पार्वतीपूरला गाडी बदलायची, आमिनगावला ब्रह्मपुत्रा नावेतून ओलांडायची आणि पलीकडे पांडूहून पुन्हा लहान गाडीने मणिपूर रोड, म्हणजे आजचे दिमापूर. आयुष्यात साताऱ्यापलीकडे न गेलेला माणूस या प्रवासाचे वर्णन पुढे कितीतरी वर्षे करीत असे. लढाईविषयी मात्र फारसे बोलत नसे. मार्च १९४४ मध्ये संगशाकच्या टेकडीवर चौथ्या मराठा बटालियनने आणि छत्रीधारी सैनिकांनी पाणी तुटलेले असताना जपान्यांना कित्येक दिवस रोखून धरले, हे मी पुस्तकात वाचले, त्यांच्या तोंडून नव्हे.

पण त्या आघाडीवरचा मोठा शत्रू जपानी नव्हता. सेनापती स्लिम यांनी लिहून ठेवले आहे, की १९४३ साली जखमी होऊन मागे न्याव्या लागलेल्या एका माणसामागे एकशेवीस माणसे आजाराने मागे न्यावी लागत होती. आणि त्या आजारांत हिवताप पहिला. क्विनीन पुरेसे नाही म्हणून फौजेने मेपाक्रिनच्या पिवळ्या गोळ्या काढल्या. गंमत अशी, की हे औषध मुळात जर्मन रसायनशास्त्रज्ञांचे, आणि रंगांच्या धंद्यातून निघालेले! त्याने कातडी हळदीसारखी पिवळी पडे. गोळीने पौरुष जाते अशी भलतीच अफवा छावण्यांत पसरली आणि शिपाई गोळी गालात धरून मागे जाऊन थुंकू लागले. स्लिमने अचानक तपासण्या लावल्या. ज्या तुकडीत शेकडा पंच्याण्णवांपेक्षा कमी जणांच्या अंगात औषध सापडेल, त्या तुकडीच्या अधिकाऱ्याची उचलबांगडी. तिघांना घालवावे लागले. बाकीच्यांना मतलब समजला. दर हजारी दिवसाला बारा जण आजारी पडत होते, ते १९४५ मध्ये एकावर आले.

म्हणजे हिवताप काबूत आणणे अशक्य नव्हते. गोळी आणि ती रोज पोचवणारा हात, एवढेच लागत होते. त्याच १९४३-४४ साली, त्याच आघाडीच्या पाठीमागे, बंगालात काय चालले होते? दुष्काळाने खंगलेल्या माणसांवर हिवताप तुटून पडला. त्या दुष्काळातल्या बळींचे आकडे पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत सांगितले जातात. त्यांतले पुष्कळसे नुसत्या उपासाने नव्हे, तर रोगांनी गेले आणि त्या रोगांत हिवताप अग्रभागी होता. ज्या प्रांतात पैशाची पुडी जन्मली, त्याच प्रांतात ती नाहीशी झाली होती. फौज आधी, हे युद्धातले गणित मला समजते. जपानी आत आले असते तर काय झाले असते, हेही समजते. पण शिपायाला गोळी चुकवू न देणाऱ्या राज्याला त्या शिपायाच्या घराचा पत्ताही ठाऊक होता. दरमहा मनिऑर्डर त्याच पत्त्यावर जात होती. हे मात्र मला समजत नाही.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत होता आणि आठ लाख मरत होते, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पाठीवर पंप घेतलेली माणसे घरोघर डी.डी.टी. मारून भिंतीवर तारीख लिहून जाऊ लागली. १९६१ पर्यंत रोग्यांची संख्या पन्नास हजारांच्या आत आली. मग आपण निर्धास्त झालो आणि १९७६ साली ती चौसष्ट लाखांवर गेली. असो. ती हकीकत वेगळी आणि लांबलचक आहे.

मामा १९४६च्या उन्हाळ्यात घरी आले. अंगाने वाळलेले आणि रंगाने पिवळे. आजीने दारातच त्यांचे तोंड पाहिले, कावीळ झाली असे ठरवले आणि ओवाळण्याआधी काढा उकळत ठेवला. मामांनी हसत खिशातून पत्र्याची एक डबी काढून तिच्या हातावर ठेवली. आत पलटणीतून उरलेल्या पंचवीस-तीस पिवळ्या गोळ्या होत्या. आजीने ती डबी देवघरात, गंगेच्या गडूशेजारी ठेवली. आश्विनात ताप आला तेव्हा आळीतल्या बाया येऊ लागल्या. कोणाला अर्धी, कोणाला पाव. चुलत घरच्या सुनेला बाळंतपणानंतर हीव भरले होते, तिला तेवढ्या तीन अख्ख्या. दिवाळीपर्यंत डबी रिकामी झाली. पुढे आजी तिच्यात हिंग ठेवीत असे.